चौथ्या पानावरची नळी

त्या तेलकंपनीच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत जी बाई बसायची, तिला सगळे पाठीमागे 'दाबताई' म्हणत. तोंडावर 'मॅडम'. तिच्या कानावर ते कधीच गेलं होतं, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. गेली तेवीस वर्षं ती जमिनीखालच्या दाबाचीच आकडेमोड करत होती. केस पिकले, चष्म्याचा नंबर तीनदा वाढला, समोरचा संगणक पाच वेळा बदलला, पण काम तेच. नवी विहीर खोदली की ती किती तेल देईल आणि किती जोरात ओढली तर बिघडेल, हे कागदावर आधी सांगायचं.

बाई मुळातच भित्री. लहानपणापासून. वडील एका इस्पितळाच्या धोबीखान्यात बॉयलर सांभाळायचे. सुट्टीच्या दिवशी ते तिला सोबत न्यायचे आणि एका स्टुलावर बसवून सांगायचे, "इथून हलायचं नाही." जेवतानासुद्धा त्यांचा एक डोळा दाबाच्या काट्यावर असे. बाप असा का बघतो हे तिला तेव्हा कळलं नाही. पण बापाला ज्याची भीती वाटते ते भयंकरच असणार, एवढं तिच्या पोटात पक्कं बसलं. पुढे ती शिकली, गणितात हुशार निघाली, नोकरीला लागली, तरी स्वभाव गेला नाही. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणार, जिना उतरल्यावर गॅसचं बटण बंद केलं का म्हणून परत वर जाणार. तिची आई वैतागून म्हणायची, "अगं, त्या कुलपाला तरी दमू दे!"

लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता आणि ही तेवीसची. त्याला हिनंच वाढवलं. शाळेच्या गृहपाठापासून तापातल्या मिठाच्या पाण्याच्या घड्यांपर्यंत सगळं हिनंच केलं. तो पुढे तिच्याच कंपनीत विहिरीवरचा ऑपरेटर झाला, तेव्हा तिला आनंद झाला की धास्ती बसली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आता तो अडतीसचा होता, रांगडा, हसरा, ताईच्या भित्रेपणाची यथेच्छ टिंगल करणारा. "ताई, तू विहिरीवर आलीस ना, तर विहीरच घाबरून बंद पडेल."

ज्या विहिरीची ही हकिकत आहे ती आडवी होती. म्हणजे आधी सरळ खाली जायची आणि तेलाच्या थरापाशी पोचली की वळून त्या थरातूनच बाराशे मीटर आडवी धावायची. जिथं विहीर वळते त्या जागेला कामावरचे लोक 'टाच' म्हणतात आणि लांबच्या टोकाला 'अंगठा'. थर पातळ होता, जेमतेम तीन मजली इमारतीएवढा. वर वायू, खाली पाणी, मधे तेल. खडकाला तडे होते. अशा ठिकाणी कुठल्याही एका जागी जास्त जोर लावला, की वरचा वायू तड्यांतून खाली घुसतो आणि तेलाऐवजी तोच विहिरीत येतो. एकदा का त्याला वाट सापडली, की तो काही तासांत दणक्यात वर येतो.

म्हणून दाबताईंनी मर्यादा घालून दिली होती: टाचेपाशी दाब खडकातल्या दाबाच्या तीन बारहून जास्त खाली ओढायचा नाही. एक बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा असतो साधारण तेवढा दाब. तिच्या संगणकावरच्या मॉडेलनं सांगितलं होतं, तोटी पूर्ण उघडली तरी टाचेपाशी अडीचच बार ओढले जातील. बाराशे मीटर नळीतून वाहताना तेल घासतं आणि त्यात दाब थोडा गळतो, हे तिनं धरलं होतं. पण नळी चांगली ऐसपैस, सात इंची. गळती नगण्य. पाव बार, फार तर थोडी जास्त. मॉडेल मंजूर झालं, तिची सही झाली, आणि विहीर टप्प्याटप्प्यानं उघडायचं ठरलं.

विहिरीच्या तोंडावरच्या तोटीला तिथं 'चोक' म्हणत. चोकवर आकडे असतात. आकडा जेवढा मोठा, तेवढं तोंड उघडं. पहिले दोन दिवस अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला चाळीस. आणि त्याच दिवशी दुपारी बाराला, मुख्य कार्यालयातून आलेल्या पाहुण्यांसमोर, छप्पन.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती येऊन बसली. खोलीत पंख्याचा आवाज, खिडकीतून खालचं पार्किंग, टेबलावर थर्मास. बाराच्या कार्यक्रमासाठी एक सुबक तक्ता करायचा होता. तिनं टाचेपाशी बसवलेल्या यंत्राचे दोन दिवसांचे आकडे काढले आणि मॉडेलच्या आकड्यांशेजारी मांडले. अठ्ठावीसच्या चोकला मॉडेल म्हणत होतं दोनशे चौदा बार. यंत्र म्हणत होतं दोनशे बारा पूर्णांक आठ.

जवळजवळ सव्वा बारचा फरक.

शेजारच्या टेबलावरचा भूगर्भवाला कॉफी ढवळत म्हणाला, "यंत्रच बोंबलत असेल. नवीन यंत्रं अशीच असतात. एवढ्याशा फरकाचं काय घेऊन बसलात?"

दुसरा कुणी असता तर त्यानं खरंच सोडून दिलं असतं. ही ठरली कुलूप तीनदा ओढणारी. तिनं विहिरीची अख्खी फाईल काढली. खोदाईचा आराखडा बघितला: सात इंची नळी. बरोबर. मॉडेलमध्ये तेच. मग खोदाई संपल्यावरचा अहवाल काढला. अहवाल एकसष्ट पानांचा होता आणि खरं सांगायचं तर तिनं तो पहिल्यांदा आला तेव्हा चाळला होता, वाचला नव्हता. चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'भोक ढासळल्यामुळे नियोजित नळी बसली नाही. त्याऐवजी साडेचार इंची जाळीदार नळी पूर्ण लांबीत बसवली.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचली. ओळ तीच राहिली.

तिनं फोन उचलला आणि खोदाईच्या वेळी असलेल्या ड्रिलरला लावला. तो दुसऱ्याच विहिरीवर होता.

"साडेचारच घातली ना हो तुम्ही?" तिनं विचारलं. 'नाही' म्हणा, असं ती मनात म्हणत होती. म्हणा, टाइप करणाऱ्यानं चूक केली.

"हो बाई, साडेचारच. सातची जाईचना! दोन दिवस झटलो आम्ही. लिहिलंय की चौथ्या पानावर."

"हो. लिहिलंय."

"का, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना तो जागेवर बसेना, दोनदा घसरला.

नळीचा व्यास घटला की घर्षण साधंसुधं वाढत नाही, भसकन वाढतं. व्यास दीडपट बारीक झाला तर दाबाची गळती दीडपट होत नाही. जवळजवळ नऊ पट होते. हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तरी तिनं आकडा बदलून मॉडेल पुन्हा चालवलं, कारण संगणक आपल्याला खोटं ठरवेल अशी वेडी आशा होती. पडद्यावर रेघ उमटली. अंगठ्याकडची बाजू जवळपास मेलेली. तिथून तेल येतच नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. सगळा भार टाचेवर. चोक छप्पनला नेला तर टाचेपाशी सहा बारच्या वर. आणि चाळीसला?

चार.

म्हणजे बाराची वाट बघायचीच नव्हती. मर्यादा सकाळी आठलाच ओलांडली गेली होती. घड्याळात सव्वानऊ वाजले होते. आणि आठ वाजता चोक फिरवणारा हात तिच्या धाकट्याचा होता. आज त्याची पाळी आहे हे काल रात्री जेवताना त्यानंच सांगितलं होतं.

त्यानंतरची पाच मिनिटं ती खुर्चीत नुसती बसून राहिली. याबद्दल ती पुढे फारसं कुणाशी बोलली नाही, पण ती मिनिटं तिनं स्वतःला कधी माफ केली नाहीत. डोक्यात एकाच वेळी दोन भीती भांडत होत्या. एक म्हणत होती, वायू येतोय. दुसरी म्हणत होती, तुझी सही आहे, तेवीस वर्षांचं नाव आहे, पाहुणे आलेत, आणि समजा वायू आलाच नाही तर? खडक दयाळू निघाला तर? मॉडेलमधला आकडा गुपचूप बदलता येईल, कुणाच्या बापाला कळणार नाही. हा विचार तिच्याच डोक्यात आला होता, आणि तो आला याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. ती उठली.

मुख्य साहेब विहिरीवर होते. तारेच्या कुंपणाच्या आत मोबाइलला बंदी. ठिणगीची भीती म्हणून सगळ्यांचे फोन फाटकावरच्या पेटीत. आत एकच फोन, कंट्रोल केबिनमधला. तो लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. पाहुण्यांच्या गाड्यांची, त्यांच्या जेवणाची, कसली कसली बोलणी चालू असणार. तिनं खालच्या टेलिफोनवाल्या बाईंना सांगितलं, "सतत लावत राहा. लागला की माझ्या मोबाइलला जोडा. दुसरं काही काम करू नका." मग अहवालाचं चौथं पान आणि नवी रेघ छापून घेतली आणि जिना उतरली.

"विहिरीवर," ती ड्रायव्हरला म्हणाली. "जमेल तितकं लवकर."

ड्रायव्हर गोष्टीवेल्हाळ माणूस. "मॅडम आणि विहिरीवर? आज सूर्य कुठून उगवला?" आरशात तिचा चेहरा बघितला आणि मग गप्प झाला. पन्नास मिनिटांचा रस्ता. दोन्ही बाजूंना उजाड माळ, मधूनमधून पाइपांचे ढीग. ती दर मिनिटाला फोन लावत होती. एंगेज. एंगेज. प्रत्येक वळणानंतर ती क्षितिजाकडे बघायची. फ्लेअर, म्हणजे नको असलेला वायू जाळायचा तो उंच नळ, लांबूनही दिसायचा. त्याची ज्योत नेहमीपेक्षा मोठी दिसतेय की आपल्याला तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना.

अर्ध्या वाटेवर फोन लागला.

"कंट्रोल केबिन." धाकट्याचा आवाज.

"मी बोलतेय. वायूचा मीटर काय दाखवतोय?"

"ताई? अगं, इथं साहेब—"

"मीटर सांग आधी."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, कारण त्यानं थट्टा केली नाही. "वाढलाय थोडा. आठला होता त्याच्या दीडपट. साहेब म्हणाले, चोक वाढवल्यावर वाढणारच."

"तेल किती वाढलं?"

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. "तेल... तेल फारसं नाही वाढलं."

तिनं डोळे मिटले. "चोक अठ्ठावीसवर आण. आत्ता."

"साहेबांना विचारल्याशिवाय? ताई, माझी नोकरी घालवशील."

"धोका दिसला तर कुणीही काम थांबवू शकतं असा नियम आहे. भिंतीवर लावलाय तुमच्याच केबिनमध्ये."

"तो लावलाय गं. कुणी कधी वापरलाय का?"

"आज आपण वापरू. नळी साडेचार इंची आहे, मी सातची धरली. माझं चुकलंय. ऐकतोयस ना? माझं चुकलंय आणि वायू येतोय."

ताईच्या तोंडून 'माझं चुकलंय' त्यानं अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "आणतो."

ती पोचली तेव्हा साडेदहा झाले होते. फाटकावर हेल्मेट घातलं, मोबाइल पेटीत टाकला आणि केबिनच्या पायऱ्या चढली. आत मुख्य साहेब उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, कपाळावर आठ्यांचं जाळं. मागे दोन पाहुणे अवघडून भिंतीला टेकलेले. धाकटा पॅनेलसमोर, मान खाली. आणि चोकच्या पाटीवर आकडा होता चाळीस.

"या," साहेब म्हणाले. "तुमच्या बंधूंनी मला न विचारता चोक कमी केला. मी परत वर आणला. आता तुम्ही सांगा, हे काय चाललंय? आठवड्यापूर्वी याच मॉडेलवर तुम्ही सही केलीत, आणि आज पाहुण्यांसमोर ते चुकलं?"

बाईचा आयुष्यभराचा धसका म्हणजे असा प्रसंग. चार माणसं बघताहेत आणि वरिष्ठ विचारतोय. मीटरकडे नजर गेली: आता दुप्पट.

"हो, चुकलं," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी ती बोलत राहिली. "नळी बारीक आहे. सगळं तेल टाचेपासूनच येतंय, लांबचा भाग कामच करत नाहीये. टाचेवर चार बारची ओढ पडतेय. आपली मर्यादा तीनची. वरचा वायू टाचेच्या तोंडाशी आलाय, साहेब. मीटर बघा. तेल वाढत नाही, वायू वाढतोय."

"कोण म्हणतं नळी बारीक आहे?"

तिनं चौथं पान पुढं केलं. साहेबांनी वाचलं. खालून तिसरी ओळ. त्यांची नजर आणखी खाली गेली आणि तिथंच थांबली. पानाच्या तळाशी, मंजुरीच्या चौकटीत, निळ्या शाईत त्यांची स्वतःची सही होती.

साहेब धाकट्याकडे वळून म्हणाले, "अठ्ठावीस कर."

धाकट्याचा हात बटणावर जातोय तोच सायरन वाजला.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही की तो सायरन आहे. तिला वाटलं, हा आवाज आपल्याच डोक्यात आहे. मग पॅनेलवर एकापाठोपाठ एक लाल दिवे लागत गेले. तेल आणि वायू वेगळा करणाऱ्या आडव्या टाकीतला, सेपरेटरमधला, दाब बघता बघता चढत होता. वायूचा लोंढा पोचला होता. धाकट्यानं आणीबाणीचं बटण दाबलं. विहिरीच्या तोंडावरचा मोठा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा होता. त्याचा काटा अर्ध्यावर आला आणि थांबला.

"अडकला," धाकटा म्हणाला. "वाळू बसली असणार."

"सगळे बाहेर!" साहेब ओरडले. "कुंपणापलीकडे! पाहुण्यांना आधी काढा!"

गोंधळात कुणीतरी तिचा दंड धरून ओढलं. पायऱ्या, खडी, फाटक. जमायच्या जागेवर, हिरव्या पाटीखाली, चौदा माणसं हवी होती. एक जण मोजत होता. तेरा. पुन्हा मोजलं. तेरा.

तिनं मोजलं नाही. तिनं फक्त जाळीतून आत बघितलं. तो विहिरीच्या तोंडाशी उभा होता आणि अडकलेला व्हॉल्व्ह हातानं बंद करायच्या चाकाला भिडला होता.

त्याच क्षणी सेपरेटरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. तो आवाज वर्णन करता येत नाही. कर्कश वगैरे शब्द तिथं पोरकट वाटतील. तो आवाज दातांत, बरगड्यांत, डोळ्यांच्या मागे शिरत होता. फ्लेअरची ज्योत उसळून आडवी झाली आणि माळावरची खडी नारिंगी दिसायला लागली, भर सकाळी. तिच्यापासून शंभर पावलांवर धाकटा चाक फिरवत होता, आणि तो सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या डाव्या हाताला, पंधरा पावलांवरही नव्हता. साहेब फाटकापाशी भोंग्यातून काहीतरी ओरडत होते. ते ऐकू यावं म्हणून त्यानं कानांवरचं कव्हर ओढून गळ्यात टाकलेलं तिला दिसलं. घाल ते, ती ओरडली. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच आला नाही.

तिनं जाळीत बोटं खुपसली होती. त्या बोटांना रक्त आलं हे तिला संध्याकाळी कळलं. त्या वेळी तिच्या डोक्यात प्रार्थना नव्हती, पश्चात्ताप नव्हता, काहीच नव्हतं. फक्त ते चाक होतं, आणि तो एक फेरा पुरा करून हात वर नेऊन पुन्हा धरी, ते धरणं. एकदा त्याचा पाय खडीवर सटकला. तो गुडघ्यावर आला. तो उठला. पुन्हा चाक.

किती वेळ गेला? नोंदीत चार मिनिटं लिहिली आहेत. तिला विचाराल तर ती काही सांगणार नाही.

मग तो आवाज बसायला लागला. आधी किंचित, मग भराभर, आणि शेवटी फुस्स करून थांबला. ज्योत खाली आली. इतकी शांतता झाली की कुणाच्या तरी बुटाखाली खडी करकरली तीही मोठी वाटली. धाकटा चाकाला टेकून उभा होता. मग तो चालत आला, पळत नाही, दारू प्यायलेल्या माणसासारखा थोडा एका बाजूला झुकत. फाटकातून बाहेर आला आणि हसला.

"ताई," तो म्हणाला, नको तेवढ्या मोठ्या आवाजात, "विहीर खरंच घाबरली की गं तुला!"

ती हसली नाही, रडलीही नाही. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्ताचा एक बारीक ओघळ मानेपर्यंत आलेला दिसला.

पुढचे काही महिने वेगळ्या भीतीचे होते. चौकशी बसली. तिनं जबाब स्वतःच्या हातानं लिहिला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: 'अहवाल आल्यावर मी तो वाचला नाही.' भूगर्भवाला म्हणाला, "असं थेट लिहितात का? 'पाहण्यात आला नाही' असं तरी लिहा." तिनं बदललं नाही. आपल्याला काढून टाकणार हे तिनं गृहीत धरलं होतं. खणातले खडू, फूटपट्ट्या, जुना कॅल्क्युलेटर एका खोक्यात भरूनही ठेवले होते. काढलं नाही. वर्षभर तिच्या सहीला किंमत राहणार नाही असा हुकूम आला. चौकशीत मुख्य साहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चौथ्या पानावरची सही माझी आहे." एवढंच. त्यानंतर तीन महिने ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, जिन्यात भेटले तरी.

विहीर बंद होती तोवर तिनं मॉडेल मुळापासून नवं लिहिलं. आधीच्या मॉडेलमध्ये अख्खी आडवी नळी एकच धरली होती. आता तिनं तिचे चाळीस तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात खडकातून किती येतं, आतल्या प्रवाहाला किती घासतं, पुढच्या तुकड्याच्या वाट्याला काय उरतं. जाळीच्या भोकांचा खडबडीतपणासुद्धा धरला. मग विहीर अगदी हळू, वीसच्या चोकवर, उघडली आणि नळीतून एक मोजणारं यंत्र टाचेपासून अंगठ्यापर्यंत फिरवून आणलं. निकाल आला त्या दिवशी खोलीत पाच-सहा जण जमले. यंत्राची रेघ आणि तिची रेघ एकमेकींवर जवळपास बसल्या. इतक्या बारीक चोकलासुद्धा टाचेकडच्या एक तृतीयांश भागातून निम्म्याहून बरंच जास्त तेल येत होतं. कुणीतरी टाळी वाजवली. बरोबर आलेली ती रेघ बघून तिला आनंद होईना. हीच रेघ त्या दिवसाच्या आठवडाभर आधी काढता आली असती, एक पान वाचलं असतं तर, एवढंच तिला दिसत होतं.

टाचेकडच्या भागात मग आतून बारीक भोकांची दुसरी नळी बसवली, म्हणजे तिथली ओढ कमी व्हावी आणि लांबच्या टोकालाही काम मिळावं. विहीर आज चालते आहे. पहिल्यासारखी नाही, पण चालते.

आणि दाबताई? तिनं त्या हिवाळ्यात स्वतः मंजूर केलेल्या जुन्या अकरा विहिरींच्या फायली काढल्या आणि एकेक अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचला. कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या फाईलमध्ये आणखी एक घोळ सापडला, किरकोळ, कुणाला इजा न करणारा. तो तिनं लेखी कळवला. सहीचा अधिकार परत मिळाला तेव्हा तिनं एक अट घातली: ज्या विहिरीवर माझी सही, ती उघडताना मी तिथं असणार. तेव्हापासून जाते. केबिनच्या कोपऱ्यात हेल्मेट घालून उभी राहते, तोंड पांढरंफटक, आणि वायूच्या मीटरवरची नजर काढत नाही. नव्या मुली तिला विचारतात, "मॅडम, इतकी वर्षं झाली, अजून भीती वाटते?" ती म्हणते, "हो तर. फार वाटते."

धाकट्याचा डावा कान गेला तो गेलाच. डॉक्टरांनी वर्षभर प्रयत्न केले. त्याला आता कार्यालयात, नोंदींच्या विभागात बसवलंय, आणि तो तिथंही सगळ्यांना हसवतो. आईला मात्र दोघांनी खरं सांगितलं नाही. आईचं वय झालंय, हृदय नाजूक. "कानात मळ झालाय," एवढंच तिला माहीत. जेवताना ती नेमकी त्याच्या डाव्या बाजूला बसते आणि भाजी वाढत बोलत राहते. शेजारच्या घरातलं लग्न, नळाला न येणारं पाणी, दुखणारा गुडघा. तो जेवत राहतो.

"बघ," आई लेकीकडे बघून तक्रार करते, "तुझा हा लाडका माझं एक अक्षर ऐकत नाही. लग्नाचं वय गेलं तरी आपला मान खाली घालून गिळतोय नुसता."

"काय म्हणालीस, आई?" तो मान वळवून विचारतो.

दाबताई तेव्हा ताटातलं काहीतरी चिवडत बसते. रोज ठरवते, आज सांगून टाकू. मग आईचा हात, वाटी उचलताना थोडा कापणारा, तिच्या नजरेला पडतो, आणि ती उठून आईची खुर्ची धरून हळूच दुसऱ्या बाजूला सरकवते. "इकडे बस गं," ती म्हणते, "तिकडं वारं लागतं."